सुट्टीची शर्यत, भरलेले पाय आणि उतरलेला उत्साह: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शर्यतीत नाव नोंदवणारा माणूस एक असतो आणि शर्यतीच्या आदल्या रात्री गजर लावणारा दुसराच. पहिल्याला जोश असतो, दुसऱ्याच्या मांड्या भरून आलेल्या असतात. त्यात शर्यत सुट्टीच्या दिवशी असली की घरातले सगळे पांघरुणात आणि आपण अंधारात मोजे शोधतोय, असा देखावा. खालचे प्रश्न मला दरवर्षी कुणी ना कुणी विचारतं आणि त्यातले निम्मे मी स्वतःलाही विचारत आले आहे. मी डॉक्टर नाही, पंधरा-सोळा वर्षं हौसेनं धावणारी बाई आहे. तेवढं धरून वाचा.

परवा पायांचा दणकून व्यायाम झाला. आज जिना उतरताना कठडा धरावा लागतोय. उद्या शर्यत आहे, धावू का?

बहुतेक वेळा हो, पण आधी ठरवलेल्या वेगानं नाही.

दोन्ही पाय सारखेच दुखताहेत, दाबल्यावर किंवा जिना उतरताना दुखताहेत, नुसतं बसलं की काही नाही, आणि कशानं दुखताहेत हे तुम्हाला पक्कं ठाऊक आहे. असं असेल तर ती स्नायूंची कुरकुर आहे. ५ किंवा १० किलोमीटर त्या कुरकुरीसकट धावता येतात. हाफ मॅरेथॉन असेल तर मी कचरेन. दोन-अडीच तास भरलेल्या पायांनी धावताना पाऊल नकळत वेगळं पडायला लागतं आणि मांडीचं दुखणं गुडघ्याला जाऊन चिकटतं. पूर्ण मॅरेथॉनच्या दोन दिवस आधी असा व्यायाम केला असेल, तर प्रश्न पायांचा नसून नियोजनाचा आहे. त्या शर्यतीवर पाणी सोडलेलं बरं.

हे लॅक्टिक ॲसिड साठल्यामुळे दुखतं ना?

नाही. ही समजूत फार चिवट आहे. जोराच्या व्यायामात रक्तातलं लॅक्टेट (लॅक्टिक ॲसिडचंच रूप) वाढतं खरं, पण व्यायाम थांबल्यावर साधारण तासाभरात ते पूर्वपदावर येतं. दुखणं मात्र दुसऱ्या दिवशी सुरू होतं. जे तासाभरात निघून गेलं ते दोन दिवसांनी कसं दुखवेल?

दुखण्याचं मूळ स्नायूंच्या तंतूंना झालेल्या सूक्ष्म इजांत आणि त्यांच्या दुरुस्तीसाठी शरीरानं सुरू केलेल्या दाहात आहे. थिओडोर हफ या अमेरिकन शरीरक्रियाशास्त्रज्ञानं १९०२ मध्येच हे दुखणं थकव्याहून वेगळं आहे आणि त्यामागे स्नायूंच्या आतली मोडतोड असावी, असं मांडलं होतं. अशी इजा सर्वांत जास्त होते ती स्नायू जोर लावत असतानाच ताणला जातो तेव्हा. उतारावरून धावणं, जिना उतरणं, बैठका मारताना खाली जाणं ही त्याची नेहमीची उदाहरणं. चढ चढताना दम लागतो, पण दुसऱ्या दिवशी मांड्या भरतात त्या उतरल्यामुळे.

शर्यतीच्या दृष्टीनं कामाचं गणित असं: दुखणं १२ ते २४ तासांनी सुरू होतं, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी टिपेला पोचतं आणि पाच-सात दिवसांत ओसरतं. म्हणजे शर्यत रविवारी असेल, तर शुक्रवारचा हौशी व्यायाम नेमका रविवारी सकाळी वसुलीला येतो. बुधवारचा असता तर एव्हाना उतार पडला असता. एक चांगली गोष्टही आहे. तोच व्यायाम काही आठवड्यांच्या आत पुन्हा केला तर दुखणं बरंच कमी होतं, कारण स्नायू एका फटक्यात शहाणे होतात. म्हणून उताराची शर्यत असेल तर उतारावरचा सराव दोन-तीन आठवडे आधी उरकून घ्यावा, आदल्या आठवड्यात नाही.

साधं दुखणं आणि दुखापत यांतला फरक कसा ओळखायचा?

इथे मराठी उपयोगी पडते. आपल्याकडे दुखण्याला एक शब्द नाही, डझनभर आहेत, आणि प्रत्येक जण थोडी वेगळी गोष्ट सांगतो. तपासायला गेल्यावर ‘पाय दुखतो’ एवढंच सांगण्यापेक्षा नेमका शब्द सांगितला तर निम्मं निदान तिथेच होतं, असा माझा अनुभव आहे.

पाय *भरून आलेत* किंवा *आखडलेत*, तर ते स्नायूंचं. दुखणं पसरट असतं, एका बोटानं दाखवता येत नाही, सगळा तळहात मांडीवरून फिरवून ‘हे इथपासून इथपर्यंत’ असं सांगावं लागतं. चार पावलं चाललं की सैल पडतं. यावर धावता येतं.

*चमक* भरली, म्हणजे हालचाल करताना एखाद्या ठिकाणी अचानक सणकन् गेलं, तर थांबायचं. पोटरीत किंवा मांडीच्या मागच्या बाजूला धावता धावता चमक भरली, तर तंतू थोडा फाटलेला असू शकतो. त्याच पायावर आणखी ५ किलोमीटर काढले तर दोन आठवड्यांचं दुखणं दोन महिन्यांवर जातं.

*ठणका* लागलाय, रात्री झोपेतही जाणवतोय, नडगीवर किंवा पावलाच्या हाडावर एका बोटानं नेमकी जागा दाखवता येतेय आणि त्या पायावर उडी मारली की कळ मस्तकात जातेय, तर ते हाडाचं असू शकतं. वारंवारच्या ताणानं हाडाला बारीक तडा जातो, तेव्हा असंच दुखतं. यात ‘बघू, धावून बघू’ हा प्रकार नाही. डॉक्टर, आणि तोवर चालणंही बेतानं.

*ठुसठुस* सांध्यात असेल आणि सूज असेल, तरी धावू नये.

शब्दांच्या पलीकडचीही एक खूण आहे. एकच पाय दुखत असेल तर संशय घ्या. व्यायामानं पाय भरतात ते बहुधा दोन्ही. लांबच्या प्रवासानंतर एकाच पोटरीला सूज, उष्णता आणि दुखणं असेल, तर शर्यतीचा विचार बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. ते रक्ताच्या गुठळीमुळे असू शकतं, आणि सुट्ट्यांत लोक तासन्‌तास बसून प्रवास करतातच.

सगळ्यांत सोपी कसोटी म्हणजे लंगडणं. चाल बदलली असेल तर धावायचं नाही. कुणाला तरी मागून चालताना पाहायला सांगा. आपण लंगडतोय हे आपल्याला कधीच कळत नाही, आणि कळलं तरी शर्यतीच्या आदल्या दिवशी आपण ते कबूल करत नाही.

भरलेल्या पायांनी धावलं तर स्नायूंचं कायमचं नुकसान होतं का?

नाही. बरं व्हायला एखाद-दोन दिवस जास्त लागतील एवढंच. पण त्या दिवशी पाय पूर्ण ताकदीनं काम करत नाहीत हे मान्य करावं लागतं. जोर कमी पडतो, त्याच वेगाला ऑक्सिजन थोडा जास्त लागतो, आणि आपलं पाऊल नेमकं कुठे आहे याचा शरीराला असलेला अंदाजही जरा बोथट होतो. शेवटची गोष्ट लोक विसरतात. खडबडीत वाटेवरची शर्यत असेल तर घोटा मुरगळण्याची शक्यता नेहमीपेक्षा जास्त धरून चालावं.

आदल्या दिवशी काय केलं तर पाय मोकळे होतील?

हलकं चालणं. वीस-तीस मिनिटं, गप्पा मारत. सोफ्यावर दिवसभर पडून राहिलात तर संध्याकाळी पाय लाकडासारखे होतात.

ताणण्याचे व्यायाम करायचे तर करा, बरं वाटतं. पण त्यानं हे दुखणं कमी होतं हा भ्रम नको. अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा फरक इतका नगण्य निघाला की जाणवूही नये. हलक्या हातानं मालिश मात्र खरंच उपयोगी पडतं. घसघशीत, डोळ्यांतून पाणी काढणारं मालिश शर्यतीच्या आदल्या दिवशी करून घेऊ नका. एकदा मी ती चूक केली. करणाऱ्यानं जीव लावून काम केलं होतं, तक्रार नाही, पण सकाळी पोटऱ्यांवर निळे डाग आणि धावताना आधीपेक्षा जास्त दुखणं. गार पाण्यात (१० ते १५ अंश सेल्सिअस) दहा-पंधरा मिनिटं पाय बुडवले की काहींना आराम पडतो. मला नुसती हुडहुडी भरते.

आणि नवं काहीही नको. नवे बूट नको, इंटरनेटवर पाहिलेला नवा व्यायाम तर नकोच नको.

वेदनाशामक गोळी घेऊन धावलं तर?

इथे माझं मत पक्कं आहे: घेऊ नका.

एक तर ज्या दुखण्याकडे लक्ष द्यायला हवं, तेच गोळी झाकून टाकते. चमक आहे की नुसती आखड, हे ओळखण्याचा आपला एकमेव मार्ग बंद होतो. दुसरं कारण जास्त गंभीर आहे. आयबुप्रोफेन आणि तिच्या जातीच्या गोळ्या मूत्रपिंडाकडे जाणारा रक्तप्रवाह कमी करतात. लांब धावताना, घाम जाऊन पाणी कमी झालेलं असताना, मूत्रपिंडावर आधीच ताण असतो. पोटाच्या अस्तरालाही त्या त्रास देतात. एवढी जोखीम घेऊन मिळतं काय? अमेरिकेतल्या १६० किलोमीटरच्या वेस्टर्न स्टेट्स शर्यतीतल्या धावपटूंवरचा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. आयबुप्रोफेन घेणाऱ्यांचे पाय न घेणाऱ्यांपेक्षा कमी दुखले नाहीत, उलट त्यांच्या रक्तात दाहाच्या खुणा जास्त होत्या.

डॉक्टरांनी दुसऱ्या कारणासाठी गोळी चालू ठेवली असेल, तर शर्यतीबद्दल त्यांनाच विचारा.

पाय ठीक आहेत हो. मनच होत नाहीये. हे कसं हाताळू?

खरं सांगायचं तर या पानावरचा सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच आहे. लोक तो पायांच्या नावाखाली विचारतात. ‘गुडघा जरा कुरकुरतोय’ असं सांगणाऱ्या दहांपैकी चार-पाच जणांना माझ्याकडून फक्त ‘मग राहू दे’ ऐकायचं असतं. मीही तसा फोन केलेला आहे.

आधी हे पाहा की कंटाळा कशाचा आहे. धावण्याचा आहे, की धावायच्या आधीच्या कटकटीचा? पहाटे उठणं, थंडीत कपडे बदलणं, गाडी कुठे लावायची, स्वच्छतागृहापुढची रांग. बहुतेकांना या कटकटीचाच कंटाळा असतो आणि तो पहिल्या किलोमीटरनंतर कुठे गेला ते कळतही नाही. तो रात्रीच कमी करता येतो. कपडे, बूट, बिब (छातीवर लावायचा क्रमांक), पिना, चिप (वेळ नोंदवणारी) सगळं एका खुर्चीवर मांडून ठेवा. सकाळी एकही निर्णय घ्यावा लागू नये, इतकी तयारी हवी. कुणाला तरी ‘सहा वाजता खाली भेटू’ असं सांगून ठेवलंत तर उत्तमच. स्वतःला दिलेला शब्द आपण सहज मोडतो, दुसरा माणूस खाली थंडीत उभा आहे म्हटलं की पाय आपोआप निघतात.

पण कंटाळा धावण्याचाच असेल, दोन-तीन आठवडे बुटांकडे पाहवत नसेल, झोप नीट लागत नसेल, सकाळी उठल्यावरची नाडी नेहमीपेक्षा जलद असेल आणि सोपा वेगही जड जात असेल, तर तो आळस नसावा. सराव जास्त आणि विश्रांती कमी झाल्यावर शरीर असंच असहकार पुकारतं. मग शर्यत सोडून आठ-दहा दिवस सुट्टी घ्या, नाहीतर नुसती फेरी म्हणून जा आणि घड्याळ घरी ठेवा.

सुट्टीच्या आधीच्या आठवड्यात कामाचा डोंगर होता. धावलो तर नाहीच, तरी थकल्यासारखं वाटतंय. हे मनाचे खेळ का?

मनाचे आहेत, पण खेळ नाहीत. सॅम्युएले मार्कोरा हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये १६ जणांवर प्रयोग केला. त्यांना ९० मिनिटं संगणकावर एकाग्रतेचं किचकट काम दिलं आणि नंतर दमेपर्यंत सायकल चालवायला लावली. ज्या दिवशी डोकं शिणलेलं होतं त्या दिवशी ते सरासरी ६४० सेकंद टिकले, एरवी ७५४. हृदय आणि स्नायू यांत म्हणावा असा फरक नव्हता. फरक होता तो श्रम किती वाटतात यात.

म्हणून आदल्या संध्याकाळी हिशेब, सामानाच्या याद्या, नातेवाइकांचे वाद, जे टाळता येईल ते टाळा. (वाद टाळता येत नसतील तर निदान ऐकत बसा, बोलू नका.) झोप एक रात्र कमी झाली तर घाबरू नका. त्यानं पायांतली ताकद फारशी जात नाही, धावणं जड वाटतं एवढंच. त्याच्या आदल्या दोन-तीन रात्रींची झोप जास्त महत्त्वाची.

तीन आठवडे सराव बुडालाय. सगळं वाया गेलं असेल ना?

इतकं पटकन जात नाही. दहाएक दिवसांच्या खंडानं जवळजवळ काहीच बिघडत नाही. भरपूर सराव असलेल्या सात जणांचा सराव पूर्ण थांबवून १९८४ मध्ये अभ्यास झाला, तेव्हा तीन आठवड्यांत त्यांची ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता साधारण ७ टक्क्यांनी घटली होती. म्हणजे दम थोडा आधी लागेल. खरी अडचण वेगळी आहे: डोक्यात वेग जुनाच असतो.

सकाळी उठल्यावर निर्णय कसा घ्यायचा?

पलंगावर घेऊ नका. पलंगावरचा निर्णय नेहमी पलंगाच्याच बाजूनं लागतो.

उठा, कपडे चढवा, बूट बांधा, बाहेर पडा. पाच मिनिटं चाला, दहा मिनिटं अगदी सावकाश धावा. मग ठरवा. भरलेले पाय या पंधरा मिनिटांत सैल होतात, हालचालीनं दुखणं तात्पुरतं का होईना दबतं. दहा मिनिटांनंतर पाय पहिल्यापेक्षा बरे वाटत असतील तर जा. तसेच असतील तर जा, पण हळू. वाढत असेल किंवा एका जागी येऊन बसत असेल तर परत फिरा, अंघोळ करा, झोपा. उत्साहाचंही तसंच. दहा मिनिटांनंतरही मन विटलेलंच असेल तर तो खरा कौल समजायचा. माझ्या हिशेबात असं फार क्वचित होतं.

हीच दहा मिनिटं तुमचं वॉर्म-अपही आहेत. एरवी ५ किलोमीटरच्या शर्यतीआधी मी पाच मिनिटांत भागवते, पाय भरलेले असतील तर पंधरा-वीस मिनिटं देते. मग थोडे पाय झुलवणं, शेवटी चार-पाच वेळा पन्नास-साठ मीटर जरा जोरात. सुरुवातीच्या रेषेवर वीस मिनिटं उभं राहावं लागलं तर सगळं पुन्हा थिजतं, म्हणून जागच्या जागी हलत राहा, गरम कपडा शेवटपर्यंत काढू नका.

मग वेळेचं लक्ष्य काय ठेवू?

जुनं लक्ष्य फाडून टाका. सर्वोत्तम वेळ काढायचा हा दिवस नाही.

तुमचा नेहमीचा १० किलोमीटरचा वेग किलोमीटरला ६ मिनिटं असेल, तर पहिले ३ किलोमीटर ६ मिनिटं २० ते ३० सेकंदांनी काढा. शेवटपर्यंत तसंच गेलात तरी एकूण तीन ते पाच मिनिटंच जास्त लागतील. तेवढ्यानं जगात कुणाचं काही अडत नाही. घड्याळाऐवजी बोलण्यावर भरवसा ठेवा: पहिल्या एक-तृतीयांश भागात पूर्ण वाक्य बोलता यायला हवं, मधल्या भागात तुटक तुटक, आणि शेवटच्या किलोमीटरला हवं तर काहीच नाही. ज्यांना आकडे आवडतात त्यांच्यासाठी स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ गुन्नार बोर्ग यांची श्रममापनाची ६ ते २० अशी पट्टी आहे. ६ म्हणजे निवांत, २० म्हणजे याहून जास्त शक्यच नाही. अशा दिवशी १३-१४ वर राहावं, शेवटी हौस म्हणून १६.

उतार दिसला की मोह होतो. आवरा. भरलेल्या मांड्यांचा शत्रू उतारच. लहान लहान पावलं टाकत, न दणादणता उतरा. चढावर हवं तितकं हळू जा, मागून कुणी ढकलत नसतं.

सुरुवातीलाच सगळे सुसाट सुटतात आणि मीही वाहवत जातो. काय करू?

मागे उभे राहा. उपाय एवढाच. सोबत माणसं असली की आपण जास्त जोर लावतो, हे सायकलस्वारांच्या वेळा तपासून नॉर्मन ट्रिपलेट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १८९८ मध्येच दाखवलं होतं. हा जोर शेवटच्या दोन किलोमीटरला हवा असतो, पहिल्या पाचशे मीटरला नाही. मागून सुरुवात केली की शेवटी तुम्हाला ओलांडायला माणसं मिळतात. त्यासारखं टॉनिक नाही.

अर्ध्यावर आल्यावर सोडून द्यावंसं वाटतं, तेव्हा?

अर्ध्यानंतर थोडं पुढे, १० किलोमीटरच्या शर्यतीत सहा-सात किलोमीटरच्या आसपास, हे जवळपास सगळ्यांना होतं. सुरुवातीची धमाल संपलेली असते आणि शेवटची रेषा अजून दिसत नसते. मी तिथे नजर जवळ आणते: तो पुढचा खांब, मग ते वळण, मग तो लाल टोपीवाला.

स्वतःशी बोलणंही खरंच उपयोगी पडतं. २०१४ मधल्या एका प्रयोगात सायकलवर स्वतःला धीर देणारी, आधी ठरवून घोकलेली वाक्यं म्हणणारे लोक पूर्वीपेक्षा १८ टक्के जास्त वेळ टिकले. वाक्य आधी ठरवलेलं हवं. ऐनवेळी सुचतं ते ‘कशाला आलो मी इथे’. माझं वाक्य सांगत नाही, फार बावळट आहे. पण काम करतं. आणि हसा. २०१८ च्या एका अभ्यासात हसतमुखानं धावणाऱ्यांना त्याच वेगाला दोन-अडीच टक्के कमी ऑक्सिजन लागल्याचं दिसलं. खोटं हसलात तरी वाटेतले स्वयंसेवक तुम्हाला खरं हसून दाखवतील. तेही सुट्टीच्या दिवशी पहाटे उठूनच आलेले असतात.

मध्ये चाललं तर शर्यत धरतात का?

धरतात. चिप धावणं आणि चालणं यांत भेद करत नाही. वेळेची कमाल मर्यादा किती आहे ते मात्र आधी पाहून ठेवा. आणि चालायचंच असेल तर पूर्ण गळून जाईपर्यंत थांबू नका. सुरुवातीपासून दर दहा मिनिटांनी एक मिनिट चाला. ठरवून चाललेलं एक मिनिट आणि नाइलाजानं चाललेलं एक मिनिट यांत मनाच्या दृष्टीनं जमीन-अस्मानाचा फरक आहे.

आदल्या रात्री सुट्टीचं भरपेट जेवण आहे. टाळू?

टाळू नका, लवकर जेवा. तेलकट-तुपकट आणि फार तंतुमय गोष्टी जरा कमी. मद्य घेत असाल तर त्या रात्री राहू द्या, झोप उथळ होते. सकाळी दोन-अडीच तास आधी नेहमीचं हलकं खाणं. पोटात काहीच जात नसेल तर एक युक्ती आहे: गोडसर पेय तोंडात खळखळवून थुंकून टाका. २००४ मध्ये सायकलस्वारांवर झालेल्या प्रयोगात नुसत्या चुळा भरूनही तासाभराच्या शर्यतीतली कामगिरी जवळपास ३ टक्क्यांनी सुधारली होती. पोटात काही गेलंच नव्हतं, मेंदू मात्र खूश झाला.

पाणी तहान लागेल तसं. आदल्या रात्री लिटरच्या लिटर पिऊन काही साठत नाही, फक्त उठावं लागतं.

सर्दी झालीय. चालेल?

नुसतं नाक वाहत असेल तर हळू धावायला हरकत नाही. ताप, छातीत कफ, अंगदुखी यांपैकी काहीही असेल तर नाही म्हणजे नाही. तापात जोर केला तर विषाणूचा त्रास हृदयाच्या स्नायूपर्यंत जाऊ शकतो.

सुट्टीच्याच दिवशी शर्यत ठेवायची ही अवदसा कुणाला आठवली?

फार जुनी आहे. अमेरिकेतल्या बफेलो शहरात १८९६ पासून थँक्सगिव्हिंगच्या (नोव्हेंबरातल्या तिथल्या मोठ्या सणाच्या) दिवशी ८ किलोमीटरची शर्यत होते. पहिल्या वर्षी सहा जण निघाले आणि चौघांनीच ती पूर्ण केली. म्हणजे सुट्टीच्या दिवशी मध्येच सोडून देण्याची परंपराही तेवढीच जुनी. ब्राझीलमध्ये साओ पाउलोची साओ सिल्व्हेस्त्रे शर्यत १९२५ पासून ३१ डिसेंबरला होते. पूर्वी ती मध्यरात्रीच्या सुमारास असायची, धावता धावता वर्ष बदलायचं. १९५३ मध्ये चेकोस्लोव्हाकियाचा ऑलिंपिक विजेता धावपटू एमिल झाटोपेकनं ती जिंकली. आता ती १५ किलोमीटरची आहे. पहाटे उठायचा वैताग आला की मला ती मध्यरात्रीची वेळ फार समंजस वाटते.

धावून आलो. पाय कालच्यापेक्षा जास्त दुखताहेत. आता?

अपेक्षितच होतं. लगेच खाली बसू नका, दहा मिनिटं चाला, कोरडे कपडे घाला, तासाभरात पोटभर खा. इजा झालेले स्नायू साखरेचा साठा नेहमीपेक्षा सावकाश भरून काढतात, त्यामुळे दोन दिवस भूक वाढली तर तिचं ऐका. पुढचं जोरदार धावणं जिना कठडा न धरता उतरता येईल तेव्हाच.

एका गोष्टीवर लक्ष ठेवा. लघवीचा रंग काळ्या चहासारखा गडद झाला, स्नायू सुजून टणक झाले किंवा हातापायांतली ताकदच गेल्यासारखं वाटलं, तर वाट पाहू नका, थेट रुग्णालयात जा. स्नायू मोठ्या प्रमाणात मोडले की त्यांतले घटक मूत्रपिंडात अडकतात. क्वचित होतं, पण होतं. छातीत दुखणं किंवा चक्कर येऊन पडणं याबद्दल वेगळं सांगायला नको.

शेवटी गेलोच नाही. टी-शर्ट मात्र आधीच मिळालाय. घालू का?

घरात घाला. माझ्याकडे असे दोन आहेत. एक घालून मी झोपते, दुसऱ्यानं सायकलची साखळी पुसते.